“देव असं का होऊ देतो?” असं कुणी विचारलं की काय करायचं, काय बोलायचं नाही

आधीच सांगते, मी पाळक म्हणजे पास्टर नाही आणि सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या कॉलेजातही शिकलेली नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटी देणाऱ्या बायकांचा एक ग्रुप आहे, त्यात मी तेरा-चौदा वर्षं आहे, म्हणजे कुणी आजारी, कुणाकडे मयत, कुणाची नोकरी गेली की आम्ही दोघी-तिघी रविवारी उपासना झाल्यावर नाहीतर ऑफिस सुटल्यावर जातो, कधी भायखळा, कधी कुर्ला, कधी पार अंबरनाथ. आणि हा प्रश्न मला चर्चच्या बाकावर बसून कधीच कुणी विचारला नाही. विचारला तो स्वयंपाकघराच्या दारात, हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये, कबरस्तानाच्या गेटवर, एकदा तर ठाणा स्लोमध्ये लेडीज डब्यात उभ्या-उभ्या, आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

माझ्या हातून चुका झाल्यात म्हणून हे लिहितेय. पहिली माती कुठे खाल्ली ते आधी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल.

परळच्या एका चाळीत आमच्या मंडळीतल्या एक ताई राहायच्या. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा सकाळच्या गर्दीत लोकलमधून पडून गेला. मुंबईत वर्षाला २००० च्या वर माणसं रेल्वेच्या रुळांवर जातात, पेपरात चार ओळी येतात, आपण पान उलटतो, पण ती चार ओळींची बातमी ओळखीच्या घरात आली की काय होतं ते तिथे बघितलं. दफन होऊन तीन दिवस झाले होते. ताई कॉटवर बसून त्याचे ऑफिसचे शर्ट घडी करत होत्या. घडी करायच्या, उलगडायच्या, परत कॉलर सरळ करून घडी करायच्या. मला ती शांतता सहन होईना, म्हणून मी बोलले, “ताई, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.”

त्यांनी हात थांबवला. माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, “तुझा मुलगा किती वर्षांचा?”

“बारा.”

“मग तो चांगला नाही का?”

मी काय बोलणार. चहा तसाच ठेवून निघालो आम्ही, आणि बसमध्ये सोबतच्या मावशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बरोबरच होतं त्यांचं.

पहिलं काम: हा कुठला “का” आहे ते ओळखा

सगळे “का” सारखे नसतात. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, तुम्हाला फुकटात सांगतेय.

एक “का” म्हणजे नुसता हंबरडा असतो. प्रश्नचिन्ह असतं पण प्रश्न नसतो. आई छाती पिटत “देवा का रे?” म्हणते तेव्हा ती देवाशी बोलतेय, तुमच्याशी नाही. तुम्ही मध्ये पडून देवाच्या वतीने उत्तर द्यायला जाऊ नका, तुम्हाला कुणी वकीलपत्र दिलेलं नाही.

दुसरा “का” हळू आवाजात येतो, बहुतेक वेळा बाकीचे लोक उठून गेल्यावर. “माझंच काय चुकलं असेल का गं?” हा खरा धोक्याचा, आणि याला मात्र तिथल्या तिथे, स्पष्ट उत्तर द्यायचं. पुढे लिहिलंय.

तिसरा “का” डोक्यातून येतो. माझा भाचा इंजिनिअरिंगला असताना ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी करंज्या खात-खात त्याने मला विचारलं, “आत्या, देव चांगला आहे आणि सर्वशक्तिमान पण आहे, मग लहान मुलांना कॅन्सर कसा? दोन्हीपैकी एक काहीतरी खोटं असणार ना?” असा माणूस आला की मात्र पळायचं नाही. “असं विचारू नये, पाप लागतं” म्हणून त्याला गप्प केलं तर तो पुढच्या वर्षी चर्चमध्ये दिसणार नाही, आणि आपण म्हणणार आजकालची पोरं बिघडली.

गडबड कुठे होते, तर पहिल्या “का”ला आपण तिसऱ्याचं उत्तर देतो. मी तेच केलं होतं, ते पण अर्धवट.

मयताच्या घरी: आधी हात चालवा, तोंड नको

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक आपण सगळे ऐकून असतो, काही चूक नसताना मुलं, संपत्ती, तब्येत सगळं गेलेला माणूस, पण त्याच्या तीन मित्रांकडे नीट बघा. अलीफज, बिल्दद आणि सोफर. ते आले, त्याला बघून रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. इथपर्यंत एक नंबर माणसं. मग तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, जवळजवळ तीस अध्याय बोलणं चालू, की बाबा तू काहीतरी केलंच असणार, देव अन्याय करत नाही, कबूल करून टाक. शेवटच्या ४२ व्या अध्यायात देव कुणावर रागावतो? इतका वेळ देवाला वाटेल ते बोलणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या या तिघांवर. म्हणतो, माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला घाम फुटला, कारण मी ईयोबापेक्षा सोफरसारखी जास्त वागत आले होते.

आता मुंबईत सात दिवस कोण कुणाकडे बसणार. दहा बाय बाराची खोली, बाहेर चपलांचा ढीग, कॉटवर सहा जण, दारात चार, आणि पाळक साहेबांना पुढच्या घरी जायचंय. तर मग वीस मिनिटांत काय करता येतं ते बघा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि आधार कार्डच्या झेरॉक्स कुणी काढल्यात का ते विचारा, नसतील तर तुम्ही जा. शवपेटीवाल्याला फोन, कबरस्तानात चौकशी, गावाकडच्या लोकांना कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते सांगणं, ही कामं त्या घरातल्या माणसाला त्या दिवशी जमत नाहीत, त्याला स्वतःचा मोबाइल कुठे ठेवला ते आठवत नसतं. दूध आणा. कप धुवा. डायबेटिस असलेल्या आजीने गोळी घेतली का ते बघा, कारण तिच्याकडे त्या दिवशी कुणाचंच लक्ष नसतं.

शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन येतील, “मागच्या जन्मीचे भोग असतात बाई” असं पण म्हणतील. तिथे वाद घालायचा नाही. त्या भाकरी घेऊन आल्यात आणि आपण बायबलचं वचन घेऊन आलोय, आणि त्या वेळी घरातल्यांच्या पोटात भाकरीच जाणार आहे.

बोलायचंच असेल तर “मला काय बोलावं कळत नाही” हे बोला, खरं आहे म्हणून बरं वाटतं ऐकायला. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्याची एखादी आठवण सांगा, गाण्याच्या प्रॅक्टिसला उशिरा यायचा तरी चालेल. आणि प्रार्थना छोटी करा. प्लीज. प्रार्थनेत प्रवचन घालू नका.

ही वाक्यं घरी ठेवून जा

“देव झेपेल तेवढंच देतो.” हे आपल्याकडे वचन असल्यासारखं म्हणतात, व्हॉट्सॲपला गुलाबाच्या फोटोवर येतं. ते बायबलमध्ये नाही. लोक ज्या वचनाचा आधार घेतात ते १ करिंथ १० मधलं, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, १३ वं वचन, आणि तिथे मराठीत “परीक्षा” शब्द आहे म्हणून आपल्याला वाटतं संकटाबद्दल आहे, पण तो सगळा अध्याय मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर, म्हणजे पापाच्या मोहाबद्दल चाललाय. तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडे भार आला, जगण्याचीही आशा सोडली होती. म्हणजे ज्याच्या नावावर आपण हे वाक्य खपवतो त्यालाच झेपलं नव्हतं.

“सगळं चांगल्यासाठीच होतं.” रोमकरांस ८:२८. वचन खरं आहे, मी त्यावर जगते. पण ते असं म्हणत नाही की जे झालं ते चांगलं झालं. त्याच्या सहाच वचनं वर पौल म्हणतोय की सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदना होत असल्यासारखी कण्हतेय. हे वचन ज्याला लागलंय त्याने स्वतः, त्याला जेव्हा सुचेल तेव्हा म्हणायचं असतं, पाच वर्षांनी म्हणो नाहीतर कधीच न म्हणो. भेटीला आलेल्याने दुसऱ्याच्या जखमेवर पट्टीसारखं चिकटवायचं नाही.

“विश्वास कमी पडला.” या वाक्याने मला सगळ्यात जास्त चीड येते. एका घरात बाईला स्तनाचा कॅन्सर होता, केमो चालू होती, आणि कुणीतरी सांगितलं की विश्वास असेल तर गोळ्या कशाला. नशीब तिच्या मुलीने वेळेत आम्हाला फोन केला. पौलाच्या शरीरात काटा होता, तो काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. मग पौलाचा विश्वास कमी होता का? तुम्ही भेटीला जाल तेव्हा प्रार्थना जरूर करा, डोक्यावर हात ठेवून करा, पण उठताना पुढची अपॉइंटमेंट कधी आहे आणि सोबत कोण जाणार ते पण विचारा. बांद्र्यात, गिरगावात गल्लीच्या कोपऱ्यांवर जुने क्रूस दिसतात ना, त्यातले कितीतरी १८९६ च्या प्लेगच्या काळात लोकांनी उभारलेले. माणसं पटापट मरत होती आणि हाच प्रश्न घेऊन लोक त्या क्रुसापाशी उभे राहिले असणार. आणि त्याच वेळी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगची लस बनवत होते, १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. क्रूस पण राहिला, लस पण राहिली, आपल्या शहराला दोन्ही लागलं. आज त्या क्रुसाचं काम बरेचदा रिक्षावाल्याला “क्रॉसजवळ थांबवा” सांगण्यापुरतंच उरलंय ते सोडा.

“माझंच काय चुकलं?” याला लगेच उत्तर

आपण ख्रिस्ती लोक मोठ्या तोऱ्यात सांगतो की आम्ही कर्म मानत नाही, मागचा जन्म मानत नाही. पण कुणाच्या घरी अपंग बाळ जन्मलं की आपल्याच बायका कुजबुजतात, आईबापाने काहीतरी केलं असणार. येशूच्या शिष्यांनी हेच विचारलं होतं, योहान ९, जन्मांध माणूस बघून, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू म्हणाला, यानेही नाही आणि आईबापानेही नाही. संपलं. हे वाक्य पाठ करून ठेवा आणि हळू आवाजातला तो प्रश्न आला की त्या माणसाचा हात धरून सांगा.

अजून एक जागा आहे, ती मुंबईकराने तर वाचलीच पाहिजे. लूक १३. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, आणि लोकांच्या मनात होतं की ती जास्त पापी असणार. येशू सरळ विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा ती अठरा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही. पुढे तो ऐकणाऱ्यांना स्वतःकडे बघा, पश्चात्ताप करा असं म्हणतो, पण मेलेल्यांच्या माथी काही मारत नाही. आणि बुरूज का पडला ते तो सांगतच नाही.

मला तिथे दरवेळी एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवतो. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ, पाऊस आला म्हणून माणसं जिन्यावरच थांबली, खालून गाड्यांमधून अजून येत राहिली, आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ती माणसं कामाला निघाली होती. कुणाच्या पिशवीत फुलं होती. देवाने त्या तेवीस जणांना निवडून काढलं असं ज्याला वाटतं त्याने एकदा गर्दीच्या वेळी कुठल्याही पुलावर उभं राहून बघावं. पूल अरुंद होता आणि हे तिथून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो पाऊस माणसाने पाडला नाही हे खरं, पण मिठी नदीत भराव कुणी टाकला, प्लॅस्टिक कुणी कोंबलं? आपण जेवढ्या वेळा वर बघून “का” विचारतो त्यातल्या बऱ्याच वेळा आजूबाजूला बघूनही विचारायला पाहिजे. हे मी मयताच्या घरी म्हणत नाही. पण नंतर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, इमारत धोकादायक यादीत आहे आणि स्ट्रक्चरल ऑडिटला पैसे कोण देणार यावर भांडण चाललं की मी शिलोहाचा बुरूज काढते. लोक वैतागतात.

भाच्यासारखा कुणी आला तर

आता डोक्यातल्या “का”कडे. चहा टाका, वेळ काढा, आणि एक करा: प्रत्येक उत्तर कुठपर्यंत पोचतं आणि कुठे थांबतं ते तुम्ही स्वतःच सांगा, त्याने शोधून काढायच्या आधी.

प्रश्न नवीन नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर तो सांगतात आणि तो तर ख्रिस्ताच्याही आधीचा: देवाला वाईट थांबवायचंय पण जमत नाही, तर तो दुबळा, जमतंय पण करत नाही, तर तो दुष्ट, दोन्ही असेल तर वाईट आलं कुठून?

पहिलं उत्तर, मोकळीक. प्रेम जबरदस्तीने होत नाही. देवाने माणसाला खरोखर निवड दिली तर चुकीची निवड करायची वाटही उघडी ठेवावी लागते, नाहीतर ती निवड कसली. संत ऑगस्टिन, चौथ्या-पाचव्या शतकातला, त्याने यावर खूप लिहिलं, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲल्विन प्लँटिंगाने हा मुद्दा तर्काने इतका घट्ट बांधला की देव आणि वाईट हे दोन्ही एकत्र असूच शकत नाहीत असं म्हणणाऱ्या बऱ्याच तत्त्वज्ञांनी, नास्तिकांनीसुद्धा, तो दावा सोडला. हे उत्तर खून, बॉम्बस्फोट, भ्रष्टाचार, घरातली मारहाण इथपर्यंत पोचतं. ल्युकेमिया झालेल्या चार वर्षांच्या पोराच्या बेडपाशी ते थांबतं. पोराने काय निवडलं होतं?

ऑगस्टिनचं अजून एक मला आवडतं, की वाईट ही वेगळी वस्तू नाही, चांगल्यात पडलेलं भोक आहे. ट्रंकेतली लोकरीची शाल कसर लागून खाल्ली जाते, भोक तेवढं दिसतं, पण भोक म्हणून काही वेगळं विणलेलं नसतं, शाल होती म्हणून भोक. म्हणून देवाने वाईट बनवलं असं म्हणता येत नाही. भाचा म्हणाला, “ठीक आहे, पण थंडी तर वाजतेच ना.” बरोबर बोलला.

दुसरं, घडणं. दुसऱ्या शतकात लियोंचा बिशप आयरेनियस होता, त्याचा विचार असा की माणूस तयार होऊन आलेला नाही, कच्चा आहे, आणि या खडबडीत जगात तो हळूहळू मोठा होतो. धीर, दया, क्षमा ही सगळी सुखाच्या सोफ्यावर शिकता येत नाहीत. यात तथ्य आहे, आपण सगळ्यांनी बघितलंय. पण दुःखाने माणसं घडतात तशी मोडतात पण, आणि मोडलेली माणसं साक्ष द्यायला स्टेजवर येत नाहीत म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत.

तिसरं, पतन, की फक्त माणूस नाही तर अख्खी सृष्टी बिघडलीय आणि सुटकेची वाट बघतेय, तेच रोमकरांस ८. चौथं, आपल्याला पूर्ण चित्र दिसत नाही, ईयोब ३८, देव वावटळीतून विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? हे चौथं उत्तर देवाने दिलं तर ठीक आहे. माणसाने माणसाला दिलं की ते “गप्प बस” होतं. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी लिस्बनमध्ये भूकंप झाला, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू होत्या, भिंती प्रार्थना करणाऱ्यांच्याच अंगावर आल्या, आणि त्यानंतर हे जग म्हणजे शक्य त्यातलं सगळ्यात चांगलं जग असं म्हणणाऱ्या विद्वानांची युरोपात चेष्टा सुरू झाली. मला ती चेष्टा पटते.

मग मी भाच्याला काय सांगितलं? सांगितलं की ही चारही उत्तरं एकत्र शिवली तरी गोधडी पुरी होत नाही, पाय उघडे राहतात. ख्रिस्ती माणसाकडे जे वेगळं आहे ते उत्तर नाहीये, एक माणूस आहे. लाजराच्या कबरेपाशी मार्था आणि मरीया दोघी येशूला तेच ऐकवतात, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. आता दोन मिनिटांनी तो लाजराला उठवणार आहे, त्याला माहीत आहे. तरी तो “थांबा, बघा आता” म्हणत नाही. येशू रडला. दोन शब्दांचं वचन आहे. आणि क्रुसावर तो स्वतः “का” विचारतो: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” ही बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या २२ व्या स्तोत्राची सुरुवात आहे, म्हणजे आपला हाच प्रश्न देवाच्या पुत्राने विचारलाय, आणि त्या शुक्रवारी त्याला वरून उत्तर आलेलं नाही. तिसऱ्या दिवशी जे आलं ते आलं. तेव्हाही पुनरुत्थान झालेल्या शरीरावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवले. देवाला व्रण पुसता आले असते. ठेवले.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आत्या, हे उत्तर नाहीये.” मी म्हटलं, “नाहीच आहे.” तो अजून येतो चर्चला, कधीकधी. मागे बसतो.

एक उदाहरण सांगताना सांभाळून

आपल्याकडे या विषयावर हमखास पंडिता रमाबाईंचं नाव येतं आणि यायलाच पाहिजे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तर १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात लहान मुलगी. याच बाईने १८८९ मध्ये आपल्या मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः जाऊन उपाशी मुली-बायका गोळा करून केडगावला आणल्या, तेच मुक्ती मिशन. मग १९२१ मध्ये ती एकुलती एक मुलगी मनोरमासुद्धा आईच्या डोळ्यांदेखत गेली, आणि पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या.

आता चूक कुठे होते बघा. लोक म्हणतात, बघा, त्या भुकेतून मुक्ती मिशन उभं राहिलं, म्हणजे देवाची योजना. थांबा. भूक चांगली नव्हती. रमाबाई चांगल्या होत्या. भूक म्हणजे काय हे त्यांना पोटात माहीत होतं म्हणून त्या धावल्या, पण आईबापाचा भूकबळी हे मिशन उघडायचं भांडवल होतं असं म्हणायची आपली कुणाची हिंमत होऊ नये. देव वाइटातून चांगलं काढतो, हो. म्हणून वाईट चांगलं ठरत नाही.

रागावलेल्या माणसाला प्रार्थना कशी करायला सांगायची

“मी देवाशी बोलणार नाही” असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण तिसरा हिस्सा तक्रारीची आहेत. ८८ वं स्तोत्र वाचा, ते शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मी सुरुवात १३ व्यापासून करायला सांगते, सहाच वचनं आहेत, “किती वेळ, हे परमेश्वरा?” असं चालू होतं. मोठ्याने वाचायचं. घरात माणसं असतील तर गच्चीवर जा, नाहीतर बाथरूममध्ये नळ सोडून वाचा, मुंबईत एकांत म्हणजे तेवढाच. चिडून वाचलं तरी चालतं. शेवटची दोन वचनं आशेची आहेत, ती घशातून निघत नसतील तर चौथ्या वचनावर थांबा, उद्या परत.

लहान मुलं घरात असतील तर अजून एक गोष्ट. “देवाने आजीला नेलं” असं पोराला सांगू नका, ते देवाला चोर समजतं. “आजी झोपली” पण नको. आपल्या पत्रिकांवर “प्रभूमध्ये झोपी गेले” छापतात, मोठ्यांना ठीक आहे, पण आमच्याकडच्या एका सहा वर्षांच्या पोरीने ते ऐकून पंधरा दिवस रात्री डोळे मिटायला नकार दिला होता. सरळ सांगा की आजीचं शरीर बंद पडलं, ती मेली, आपल्याला खूप वाईट वाटतंय, आणि येशूने वचन दिलंय की तो तिला परत उठवणार. “कधी?” विचारलं तर माहीत नाही म्हणा.

नंतरचं, जे कुणी करत नाही

पहिला आठवडा घरात माणूस मावत नाही. तिसऱ्या आठवड्यात फोन बंद होतात. खरा “का” तेव्हा येतो, रात्री दोन वाजता. म्हणून घरी आल्या-आल्या मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा: एक महिना, तीन महिने, गेलेल्याचा वाढदिवस, पहिला ख्रिसमस. फोन करून “काही लागलं तर सांगा” म्हणू नका, कुणी सांगत नाही. “शनिवारी चार वाजता येतेय, तुमच्याकडून बँकेत जाऊ” असं सांगा. वर्षाच्या दिवशी कबरेवर जायला सोबत लागते, त्या दिवशी तर नक्की.

परळच्या ताईंकडे मी चार महिने गेले नाही, लाजेने. मग ईस्टरच्या आधी गेले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “बस, चहा टाकते.” तेवढंच. तेव्हापासून जाते, महिन्यातून एकदा तरी, त्याच्या दिवसाला शिवडीला कबरेवर पण आम्ही दोघी जातो, टॅक्सीने. त्या अजूनही विचारतात, “का गं घडलं असेल?” आणि मी म्हणते, “माहीत नाही ताई.” मग आम्ही कबरेवरचं गवत काढतो.

मागच्या महिन्यात गेले तर त्यांनी विचारलं, “तुझा मुलगा किती वर्षांचा झाला?” मला धस्स झालं. म्हटलं, “सोळा.” त्या उठल्या, कपाटातून निळ्या चौकडीचा शर्ट काढला, इस्त्री केलेला, आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, “खांद्यात बसेल. बाह्या थोड्या लांब होतील, त्या दुमडायला सांग.”